सार्वजनिक जागा, उत्सव आणि शासनसंस्था : रोहा-पेण परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

रोहा शहराचे ग्रामदैवत श्री धावीर महाराज यांची पालखी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मंदिराबाहेर निघते, तेव्हा पोलीस दलाकडून तिला सशस्त्र मानवंदना दिली जाते. ही प्रथा ब्रिटिश अमदानीपासून चालत आल्याचे सांगितले जाते. धर्मनिरपेक्ष राज्यघटना स्वीकारल्यानंतरही ती अखंड आहे. सार्वजनिक जागेतील धार्मिक उत्सव आणि शासनसंस्था यांचे नाते कसे असावे, हा प्रश्न या एका प्रसंगात सामावलेला आहे. प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे.

'सार्वजनिक' या संकल्पनेचा उदय :

कोकणात गणपती हा प्रामुख्याने घरचा उत्सव. चाकरमानी गावी येतो तो घरच्या गणपतीसाठी. या उत्सवाला रस्त्यावरचे रूप मिळाले ते पुण्या-मुंबईत. सन १८९२-९३ च्या सुमारास पुण्यात भाऊसाहेब रंगारी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सार्वजनिक गणपती बसविला. ऑगस्ट १८९३ मधील मुंबईच्या हिंदू-मुस्लिम दंगलीनंतर लोकमान्य टिळकांनी 'केसरी'तून या उत्सवाचा पुरस्कार केला. गिरगावातील केशवजी नाईक चाळीचा उत्सवही १८९३ चाच. मेळे, पदे व व्याख्याने यांमुळे उत्सव राजकीय जागृतीचे साधन बनला. साहजिकच ब्रिटिश शासनाने मेळ्यांवर निर्बंध घातले. म्हणजे सार्वजनिक उत्सवाचा शासनाशी संघर्ष त्याच्या जन्मापासूनचाच आहे. तथापि, ज्या दंगलीच्या पार्श्वभूमीवर हा उत्सव वाढला तिच्यामुळे त्यात एका समाजाचे संघटन व दुसऱ्यापासूनचे अंतर या दोन्ही गोष्टी सुरुवातीपासून होत्या, हेही नमूद करणे आवश्यक आहे.

उत्सव कोणाचा? : दादर आणि महाड

वर्गणी सर्वांची, मग पूजेचा अधिकार ठरावीक वर्णाचाच का, हा प्रश्न १९२६ मध्ये दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात उपस्थित झाला. अस्पृश्य मानल्या गेलेल्या नागरिकांनाही पूजेचा अधिकार मिळावा या मागणीवरून वाद पेटला. त्यात प्रबोधनकार ठाकरे, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व रावबहादूर सी. के. बोले यांनी पुढाकार घेतला. या वादानंतर प्रबोधनकारांनी दादरला सार्वजनिक नवरात्रोत्सव सुरू केला.

याच बोले यांनी १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात मांडलेल्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने इत्यादी स्थळे अस्पृश्यांना खुली करण्याची शिफारस केली होती. त्यानुसार महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला; परंतु प्रत्यक्षात पाणी मिळेना. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तेथे सत्याग्रह झाला. तळ्याच्या खटल्याचा अंतिम निकाल मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ मध्ये अस्पृश्यांच्या बाजूने दिला. महाड त्या वेळी कुलाबा जिल्ह्यात होते. रोहा व पेणही त्याच जिल्ह्यात. १९८१ पासून या जिल्ह्यास रायगड हे नाव आहे.

उत्सवाचा मंडप आणि तळ्याचा घाट या दोन भिन्न जागा असल्या तरी प्रश्न एकच होता. जी जागा सर्वांची म्हणविली जाते, तेथे खरोखर सर्वांना स्थान आहे काय? सार्वजनिकतेची पहिली कसोटी धर्म नसून प्रवेश ही होती.

स्वातंत्र्योत्तर काळ : कायद्याची दिशा

अमेरिकेत हा वाद वेगळ्या अंगाने गेला. नाताळच्या काळात सरकारी सहभागाने येशूजन्माचा देखावा मांडता येईल काय, यावर तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८४ व १९८९ मध्ये निवाडे दिले. सांताक्लॉज व इतर सजावटीसह मांडलेला देखावा पहिल्या निवाड्यात ग्राह्य ठरला, तर न्यायालयाच्या इमारतीतील स्वतंत्र देखावा दुसऱ्यात अग्राह्य ठरला. तेथे मुद्दा होता शासन एखाद्या धर्माचा पुरस्कार करते काय, हा.

भारतीय राज्यघटनेचा अनुच्छेद २५ धर्माचरणाचे स्वातंत्र्य सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन राहून देतो. अनुच्छेद २७ विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कर देण्याची सक्ती करता येणार नाही असे सांगतो. व्यवहारात मात्र आपल्याकडील वाद आवाज, रस्ता आणि पाणी या तीन गोष्टींभोवती फिरले. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपकावर बंदी आली. पुढे वर्षातील जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्यांना मिळाला. सार्वजनिक रस्त्यांवर व उद्यानांत नवी प्रार्थनास्थळे उभारू देऊ नयेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये दिला. मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रहदारीस अडथळा आणणाऱ्या मंडपांना परवानगी नाकारण्यास सांगितले आणि २०१६ मध्ये ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही असे स्पष्ट केले.

पेणचे कारागीर आणि नवा पेच :

पाण्याच्या प्रश्नाची झळ पेण तालुक्यास थेट लागली. पेण शहर, हमरापूर व जोहे येथील असंख्य कुटुंबांचे पोट मूर्तिकामावर आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींवर बंदी घालणारी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. ३० जानेवारी २०२५ रोजी उच्च न्यायालयाने त्यांच्या काटेकोर अंमलबजावणीचा आदेश दिला. जून २०२५ मध्ये मूर्ती घडविण्यास मुभा देऊन नैसर्गिक जलस्रोतांत विसर्जनास मनाई केली. तर जुलैमध्ये सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित करण्यास सांगितले. याच जुलै महिन्यात शासनाने सार्वजनिक गणेशोत्सवास राज्य महोत्सवाचा दर्जा जाहीर केला. एकीकडे निर्बंध आणि दुसरीकडे गौरव, अशी शासनाची दुहेरी भूमिका येथे दिसते. शाडूची मूर्ती जड, नाजूक व वाळण्यास वेळ घेणारी. त्यामुळे बदलाचा भार भाविकापेक्षा कारागिरावर अधिक पडतो. श्रद्धा व पर्यावरण यांच्या वादात उपजीविकेचा हा तिसरा पक्ष बहुधा दुर्लक्षित राहतो.

निष्कर्ष :

१) महाराष्ट्रात सार्वजनिक जागेत धर्म असावा की नसावा, हा मुख्य वाद कधीच नव्हता. ती जागा कोणाची, किती काळ व कोणत्या मर्यादेत, हा होता.

२) न्यायालयांनी आवाज, रस्ता व पाणी यांचे निकष सर्व धर्मांना समान लावले. या समानतेतच भारतीय धर्मनिरपेक्षतेचे व्यावहारिक रूप दिसते.

३) शासनाकडून होणाऱ्या गौरवाबाबत मात्र असा निकष तयार झालेला नाही. रोह्याच्या पालखीची मानवंदना किंवा आषाढी एकादशीस मुख्यमंत्र्यांच्या हस्ते होणारी विठ्ठलाची महापूजा परंपरेच्या आधारावर टिकून आहे. परंपरा हे प्रथेचे स्पष्टीकरण होऊ शकते. समर्थन होण्यासाठी तिला आणखी एका कसोटीस उतरावे लागेल. पालखीच्या मार्गावर उभ्या असलेल्या प्रत्येक नागरिकाला, तो कोणत्याही जातिधर्माचा असो, हा सन्मान आपल्या गावाचा वाटतो काय? १९२६ मध्ये दादरला आणि १९२७ मध्ये महाडला विचारला गेलेला प्रश्न याहून वेगळा नव्हता.