सोन्नलगीचे अभ्यंग

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा नरकचतुर्दशीचे तेल अंगात पुरते जिरलेही नसेल. पहाटेचा काळोख, चुलाण्यावरचे कढत पाणी, उटण्याचा खरखरीत हात आणि ‘आता पुरे’ म्हणून केलेला आरडाओरडा, या सुखाचे वर्णन करण्यासाठी निराळ्या लेखकाची गरज नाही. परंतु आम्हां सोलापूरकरांच्या भाग्यात वर्षाकाठी दोन अभ्यंगे लिहिलेली आहेत. पहिले दिवाळीतले. ते घरोघरी होते आणि माणसांचे होते. दुसरे त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी, ऐन थंडीत, संक्रांतीच्या आदल्या दिवशी होते. ते सबंध गाव मिळून करते आणि ते देवांचे असते. त्या दिवशी शहरात व शहराभोवती विखुरलेल्या अडुसष्ट शिवलिंगांना तेलाने न्हाऊ घालतात. या विधीला आमच्याकडे ‘यण्णीमज्जन’ म्हणतात. नाव ऐकून परगावचा पाहुणा गोंधळतो. पण त्यात गूढ काही नाही. कानडीत ‘एण्णे’ म्हणजे तेल आणि ‘मज्जन’ म्हणजे स्नान. बोलायचे मराठीत, न्हाऊ घालायचे कानडीत, आणि मिरवणूक पाहायला रस्त्याच्या दुतर्फा तेलुगू व उर्दू बोलणारे शेजारीही उभे, असे हे आमचे गाव आहे.

ज्याच्या नावाने हे सारे चालते तो सिद्धराम बाराव्या शतकातला. सोलापूरचे तेव्हाचे नाव सोन्नलगी. मुद्दगौडा आणि सुग्गलदेवी यांच्या पोटी तो जन्मला आणि लहानपणी गुरे राखीत व शेत सांभाळीत असे. त्याच्या लहानपणाची एक आख्यायिका आहे. एके दिवशी शेतावर एक जंगम आला. मुलाने त्याला कोवळी कणसे भाजून खाऊ घातली. पाहुण्याने मग ताकभात मागितला. मुलगा धावत घरी गेला आणि परत येऊन पाहतो तो पाहुणा नाहीसा झालेला! ‘मल्लय्या, मल्लय्या’ अशा हाका मारीत तो मुलगा थेट श्रीशैलाच्या डोंगरापर्यंत गेला, असे कथा सांगते. कानडी कवी राघवांकाने या सिद्धरामाचे चरित्र काव्यात लिहून ठेवले आहे.

कथेतले अद्भुत बाजूला ठेवले तरी एक गोष्ट उरते. आमच्या गावाच्या इतिहासाची सुरुवात कुणा राजाच्या स्वारीने होत नाही. शेताच्या बांधावर एका अनोळखी माणसाला भाजलेले कणीस देण्याने होते. आजही थंडीत हुरड्याच्या आगटीभोवती बसले की पहिली मूठ स्वतःच्या तोंडात टाकणारा माणूस आमच्याकडे असभ्य समजला जातो. हा शिष्टाचार कोणत्याही शाळेत शिकवीत नाहीत. मी स्वतः शाळामास्तर असल्यामुळे हे खात्रीने सांगू शकतो.

मोठेपणी सिद्धरामाने केलेले सर्वांत मोठे काम म्हणजे तलाव. आज सिद्धेश्वराचे देऊळ ज्या पाण्याच्या मधोमध उभे आहे ते पाणी त्याने आणि त्याच्या माणसांनी खोदकाम करून साठवले, अशी परंपरा आहे. पुढे अल्लमप्रभूंसारखा विरक्त पुरुष सोन्नलगीला आला तेव्हा त्याने या खोदकामाबद्दल सिद्धरामाला टोकले, आणि मग दोघे कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, बसवेश्वरांकडे गेले, असा कथाभाग आहे. अल्लमप्रभूंचे म्हणणे अध्यात्माच्या दृष्टीने बरोबरच असेल. पण ज्या जिल्ह्यात पाऊस वर्षभरात पाचशे-साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, तिथे जन्मलेल्या माणसाला कुदळ खाली ठेवून मोक्षाचा विचार करणे जड जाणारच.

कारण सोलापूर हा दुष्काळाचा मुलूख. चौदाव्या शतकाच्या अखेरीस दख्खनवर कोसळलेला दुर्गादेवीचा दुष्काळ, १८७६ ते १८७८ चा दुष्काळ, त्यानंतर १८९६ चा, १८९९ चा, आणि अजून ज्याच्या आठवणीने म्हातारी माणसे गप्प होतात तो १९७२ चा, अशी ही यादी आहे. मृगाचा पाऊस हुलकावणी देऊन जातो. शेतकऱ्याची खरी भिस्त उत्तरा-हस्ताच्या पावसावर. त्या पावसाची ओल काळी जमीन पोटात धरून ठेवते आणि तेवढ्या ओलीवर व थंडीतल्या दवावर शाळूचे पीक उभे राहते. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी ती हीच. मोहोळच्या केंद्रात तिच्यातून निवडून काढलेले ‘एम ३५-१’ हे वाण पुढे सबंध दख्खनच्या रब्बी शिवारात पोचले. तेव्हा हिवाळा हा आमच्याकडे नुसता थंडीचा ऋतू नव्हे. वर्षाचा निकाल लागण्याचा तो काळ. अशा वेळी माणूस सण करतो तो पोट भरलेले आहे म्हणून नव्हे, तर यंदाही भरेल असे दिसू लागले म्हणून. आमच्या हिवाळी सणांमधला आनंद थोडा हळवा आणि थोडा भीतभीत केलेला वाटतो, तो यामुळे.

या सणांची साखळीच पाहा. मार्गशीर्षात बाळ्याच्या खंडोबाची यात्रा भरते आणि चंपाषष्ठीला वांग्याचे भरीत व रोडगा होऊन चातुर्मासात वर्ज्य केलेली वांगी-कांदे पुन्हा ताटात येतात. मार्गशीर्षाच्या अवसेला अक्कलकोट-दक्षिण सोलापूरकडे आणि तिकडे धाराशिव-लातुरात वेळ अमावस्या असते. त्या दिवशी गावे ओस पडतात आणि शिवारे भरतात. कडब्याची कोप करून तिच्यात काळ्या आईची पूजा होते. नाना डाळी, शेंगा आणि पालेभाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गाडग्यातली आंबील असा बेत असतो. आणि वाटेने जाणाऱ्या कुणालाही जेवल्यावाचून पुढे जाऊ देत नाहीत. पीक अजून कापलेले नाही, खळे झालेले नाही, भाव ठाऊक नाही. आणि तरीही आभार मानून झाले! पदरात पडल्यावर आभार मानणे हा व्यवहार झाला. पदरात पडण्याआधी मानणे हीच खरी कृतज्ञता, असे मला वाटते.

मग धुंधुरमास येतो. सूर्य उगवण्याच्या आत मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी आणि लोण्याचा गोळा. मग भोगी. ‘न खाई भोगी, तो सदा रोगी’ ही म्हण महाराष्ट्रात सगळीकडे आहे. वांगी, गाजर, पावटा, ओला हरभरा, बोरे यांची मिसळ भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी हे या दिवसाचे जेवण. हेमंतात जठराग्नी प्रबळ असतो, तेव्हा स्निग्ध व जड अन्न घ्यावे आणि अंगाला तेल लावावे, असे चरकाने सांगितले आहे. आणि तिळात चुना व बाजरीत लोह असते, असे आजचे डॉक्टर सांगतात. आमच्या आज्यांनी चरकही वाचला नव्हता आणि डॉक्टरही पाहिला नव्हता. त्यांना एवढेच माहीत होते की ज्या दिवसांत जे पिकते त्या दिवसांत ते खावे. मात्र या शास्त्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लोण्याचा गोळा खाणारा तो गडी उजाडता उजाडता मोटेवर जात असे. आपण लोणी तेवढे ठेवले आणि मोट सोडून दिली. मधुमेह हा आपल्या घरोघरचा पाहुणा झाला आहे, त्याचे खापर तिळगुळावर फोडण्यात अर्थ नाही.

आणि याच दिवसांत गड्ड्याची यात्रा येते. तिची कथा ऐकण्यासारखी आहे. सिद्धरामावर एका कुंभाराच्या मुलीचे मन जडले. तो संन्यस्त वृत्तीचा. त्याने तिला झिडकारले नाही आणि आपले व्रतही मोडले नाही; आपल्या योगदंडाशी लग्न लावण्याची परवानगी तिला दिली. तोच विवाहसोहळा आठ-नऊ शतकांनंतर अजून दरवर्षी होतो. पहिल्या दिवशी यण्णीमज्जन. दुसऱ्या दिवशी, संक्रांतीला, संमती कट्ट्यावर अक्षता. तिसऱ्या दिवशी होम मैदानावर होमविधी. पुढे शोभेचे दारूकाम, आणि शेवटी नंदीध्वजांची वस्त्रे उतरवण्याचा कप्पडकळीचा विधी. पांढऱ्या बाराबंदीतली माणसे सात नंदीध्वज घेऊन निघतात आणि ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ या गजराने रस्ते दुमदुमून जातात.

या कथेत वधू कुंभाराचीच का, याला इतिहासाचा पुरावा मागू नये. पण संक्रांतीला घरोघरी जे सुगड पुजतात, ज्यात हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे, बोरे आणि गव्हाच्या लोंब्या भरतात, ते कुंभाराच्याच चाकावरून उतरलेले असते. नव्या पिकाचा पहिला घास मातीच्या भांड्यात ठेवायचा आणि त्याच दिवशी माती घडवणाऱ्याच्या लेकीच्या डोक्यावर अक्षता टाकायच्या, हा मेळ ज्या कुणी घातला त्याला समाज कळत होता. एरवी वर्षभर गावाच्या कडेला राहणारा कारागीर त्या दिवशी गावाचा व्याही होतो.

यात्रेतला खेळ पाहायचा तर नंदीध्वज पाहावा. तो उंच, जड वेळू कमरेच्या आधारावर तोलून धरायचा आणि गर्दीतून मैलोगणती चालायचे, हे नुसत्या भक्तीचे काम नाही. त्यासाठी आधी कित्येक दिवस रात्री सराव चालतो. थंडीच्या दिवसांत तरुण पोरांनी रात्री घाम गाळावा, मांड्या-पाठ कमवावी, व्यसनापासून दूर राहावे, आणि हे सारे बक्षिसासाठी नव्हे तर मानासाठी करावे, याहून चांगली व्यायामशाळा मला ठाऊक नाही. लहानांसाठी गड्ड्यावर पाळणे आणि मौत का कुआँ. शेतकऱ्यांसाठी जनावरांचा बाजार आणि कृषिप्रदर्शन. आणि अगदी तान्ह्यांसाठी रथसप्तमीपर्यंत केव्हाही बोरन्हाण. बोरे, चुरमुरे आणि हलवा बाळाच्या डोक्यावरून ओतायचा आणि आळीतल्या पोरांनी तो लुटायचा. ज्याला न्हाऊ घालायचे ते रडते आणि लुटणारे हसतात. खेळाची एवढी साधी कल्पना मोठ्या माणसांना सुचली याचेच नवल.

होमाच्या रात्री वासराची भाकणूक होते. दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरापुढे धान्य, गूळ, खोबरे असे पदार्थ ठेवतात आणि ते कशाला तोंड लावते, बिथरते की शांत राहते, यावरून येत्या वर्षाचा पाऊस व भाव सांगतात. यावर हसणारे हसतात. मीही भाकणुकीवर विसंबून पेरणी करा असे वर्गात सांगणार नाही. पण उपाशी वासराभोवती श्वास रोखून उभे राहिलेले ते लोक पाहिले की दुष्काळांची ती सारी यादी आठवते, आणि हसू ओठांवरच राहते.

या आनंदाच्या दिवसांना एक काळी तिथी लागून आहे. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात उठाव झाला, काही दिवस इंग्रजांचा अंमल उडाला, आणि १२ मेपासून गावावर लष्करी कायदा आला. त्या प्रकरणात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली ती १२ जानेवारी १९३१ रोजी. म्हणजे संक्रांत अगदी तोंडावर आली असताना. चौघांची आडनावे वाचली तरी आमचे गाव काय आहे हे कळते. कृतज्ञतेचा सण साजरा करणाऱ्या गावाने संक्रांतीच्या हिशेबात हा दिवस धरलाच पाहिजे. तिळगूळ वाटण्यापूर्वी चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून एकदा जाऊन यावे. गोड बोलण्याचा अधिकार त्याने वाढतो.

आता गाव बदलले. १८७७ साली निघालेली जुनी गिरणी गेली, तिच्यामागून इतरही गेल्या. पहाटे जागे करणारे भोंगे थांबले. १९८० साली उजनीचे धरण पुरे झाले आणि जिथे शाळू डोलत होता तिथे ऊस उभा राहिला. पाणी आले हे चांगलेच झाले. ज्याने तहान पाहिली तो धरणाला नावे ठेवणार नाही. पण हुरडा आता पुष्कळांना शेतावर तिकीट काढून खावा लागतो. २०२१ साली करोनाच्या साथीमुळे यात्रा मोजक्या मानकऱ्यांपुरती उरली, तेव्हा अनेकांना प्रथमच कळले की गर्दीत उभे राहून डोक्यावर चार अक्षता पडणे ही केवढी चैन आहे. दुसऱ्यांच्या प्रकृतीसाठी आपण घरी थांबणे, हेही त्या वर्षीचे एक यण्णीमज्जनच होते.

तेव्हा वाचकहो, दिवाळीचा फराळ संपला म्हणजे सण संपले असे समजू नका. पुढचे तीन महिने खाण्याचे, खेळण्याचे आणि आठवण ठेवण्याचे आहेत. खावे ते ऋतूचे. खाल्ले तेवढे चालावे. खेळावे ते चारचौघांत. आणि पहिली मूठ दुसऱ्याच्या हातावर ठेवावी. सोन्नलगीच्या त्या गुराख्याने तेवढेच केले होते. त्या एका भाजलेल्या कणसावर एक सबंध गाव आठ-नऊशे वर्षे थंडीत ऊब धरून आहे.