हायकोर्ट मराठवाड्यात आलं त्याची गोष्ट

मागच्या बैठकीत आमच्या गटातल्या एका ताईंनी माहेरच्या जमिनीतल्या वाट्याचा विषय काढला. जिल्हा कोर्टातलं अपील त्या हरल्या होत्या. "आता पुढं मुंबईच ना? आपल्याच्यानं नाही होत," म्हणाल्या आणि कागद पिशवीत कोंबले.

मुंबई नाही, औरंगाबाद. म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर. पण ताईंचं म्हणणं एके काळी खरं होतं.

निजामाच्या काळात आपलं हायकोर्ट हैदराबादला होतं. इंग्रजांनी १९३७ मध्ये दिल्लीत फेडरल कोर्ट काढलं, पण निजामाच्या मुलखाला त्याचा उपयोग नव्हता. २८ जानेवारी १९५० ला त्याच्या जागी सुप्रीम कोर्ट सुरू झालं. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि हायकोर्टासाठी मुंबई गाठणं आलं. हिंगोलीहून पाचशे किलोमीटरच्या वर! वकिलाची फी राहू द्या, नुसतं जाणं-येणं आणि मुक्काम कुणाला परवडणार?

अमेरिकेत राज्यांची कोर्टं वेगळी, केंद्राची वेगळी, अशा दोन शिड्या आहेत. आपल्याकडं एकच शिडी: तालुका, जिल्हा, हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट. मधली पायरी लांब पडली की माणूस तिथंच थांबतो. बाई तर आधी थांबते.

नागपूरला १९६० मध्ये खंडपीठ मिळालं, मराठवाडा मागतच राहिला. शेवटी मुख्य न्यायमूर्ती व्ही. एस. देशपांडे यांनी राज्य पुनर्रचना कायद्यातला आपला अधिकार वापरला आणि २७ ऑगस्ट १९८१ पासून न्यायाधीश औरंगाबादला बसू लागले. त्यालाही हरकत आली. गंमत बघा, खुद्द मुंबई हायकोर्टानंच तो आदेश रद्द केला! सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. १९८२ मध्ये तिथं देशपांडेंचा निर्णय योग्य ठरला. १९८४ मध्ये खंडपीठ कायम झालं.

तरी दोनशे किलोमीटरचा रस्ता आहेच. पण बाईला सरकारी खर्चानं वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात तसं लिहिलंय. आमच्यापैकीही निम्म्या जणींना हे ठाऊक नव्हतं.

हायकोर्टात दुसऱ्या अपिलाला ९० दिवसांची मुदत असते. ताईंचे ५२ गेलेत. सोमवारी आम्ही चौघी त्यांच्यासोबत हिंगोलीच्या कोर्टात, विधी सेवेच्या कार्यालयात जातोय. पिशवीतले कागद इस्त्रीखाली सरळ करून ठेवलेत.