प्लेगचा पहिला हिवाळा : मुंबई-पुण्याची घरे, इ. स. १८९६-९७

मोठ्या साथींचा इतिहास बहुधा मृतांच्या आकड्यांनी लिहिला जातो. किती दगावले, कोणते कायदे झाले, कोणती लस निघाली, एवढे सांगितले की तो पुरा झाला असे वाटते. परंतु ज्या घरांनी ते दिवस काढले, त्यांच्या लेखी त्या काळाचा अर्थ निराळा असतो. दूध कोण आणील, दुकान उघडावे की नाही, मुलांना गावी धाडावे की जवळ ठेवावे, घरात कोणाला ताप आला तर तो शेजाऱ्यांस सांगावा की लपवावा, आणि वेळ आलीच तर खांदा द्यावयास चार माणसे मिळतील की नाही, अशा प्रश्नांनी त्यांचा दिवस उगवतो व मावळतो. शके १८१८ चा, म्हणजे इ. स. १८९६-९७ चा हिवाळा मुंबईतील व पुण्यातील सहस्रावधी घरांनी असाच काढला. 'टाळेबंदी' हा शब्द तेव्हा साथीच्या संदर्भात कोणी वापरीत नसे. पण घराला लागलेली कुलपे, रस्त्यात अडवलेले प्रवासी व आप्तांपासून तोडलेले रुग्ण हे सारे त्या हिवाळ्याने पाहिले. गोमंतकातील देवस्थानांच्या महाजन घराण्यांपैकी अनेकांच्या शाखा तोवर पोटापाण्यासाठी मुंबईत स्थिरावल्या होत्या. त्यामुळे हा इतिहास त्यांच्याही घरचा आहे.

मांडवीतील चाहूल

इ. स. १८९४ मध्ये हाँगकाँग येथे प्लेगची मोठी साथ झाली व तेथेच अलेक्झांडर येर्सिन या शास्त्रज्ञाने रोगाचा जंतू शोधून काढला. हाँगकाँगशी मुंबईचा व्यापार अखंड चालू होता. दोन वर्षांनी मुंबई बंदरालगतच्या मांडवी भागात, जेथे धान्याची वखारे दाटीने उभी होती, तेथे उंदीर मरून पडू लागले. मागोमाग माणसांना तीव्र ताप येऊन काखेत किंवा जांघेत गाठ उठू लागली आणि थोड्याच दिवसांत रोगी दगावू लागले.

मांडवीत वैद्यकी करणारे डॉक्टर आकासियो गाब्रियेल व्हिएगस हे मूळचे गोमंतकातील, बार्देशातील हडफडे गावचे. दि. २३ सप्टेंबर १८९६ रोजी त्यांनी हा गाठीचा प्लेग असल्याचे निदान जाहीर केले. ते दिवस पितृपक्षाचे होते. व्यापारी शहरात असे निदान उच्चारणे सोपे नव्हते. बंदराचा धंदा बुडेल ही भीती मोठी होती, आणि सरकारी भाषाही आरंभी सावधपणे निव्वळ 'गाठीच्या तापा'चीच होती. तथापि निदान खरे ठरले. मराठी वृत्तपत्रांतून 'ग्रंथिक सन्निपात' हे भारदस्त नाव रूढ झाले. घरोघर मात्र लोक नुसते 'गाठ आली' असे म्हणत, आणि तेवढ्या दोन शब्दांनी ऐकणाऱ्याचा जीव दडपून जाई.

ओस पडलेले शहर

इ. स. १८९१ च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती ८,२१,७६४ होती. दिवाळी कशीबशी पार पडली आणि थंडी वाढू लागली तसा रोगही वाढू लागला. पौष-माघापर्यंत शहराची जवळजवळ निम्मी वस्ती बाहेर पडली होती. कोणी आगगाडीने देशावर व गुजरातेत गेले, कोणी आगबोटीने कोकणात उतरले, तर ज्यांना भाडे परवडत नव्हते ते डोक्यावर वळकटी घेऊन पायी निघाले. ज्या ऋतूत एरवी मुंबईकर मंडळी हौसेने गावच्या जत्रांस निघत, त्याच ऋतूत ती आता जीव मुठीत धरून निघाली होती.

जाणे सर्वांना शक्य नव्हते. नोकरीवर हजर न राहिल्यास ती जाईल, पेढी बंद ठेवल्यास उधारी बुडेल, म्हाताऱ्या माणसाला प्रवास झेपणार नाही, अशी प्रत्येक घराची अडचण वेगळी असे. पुष्कळ घरांनी मधला मार्ग काढला. बायकामुलांची गावी रवानगी झाली व मिळवता पुरुष एकटा खोलीवर राहिला. अशा दुभंगलेल्या संसाराला जोडणारा धागा म्हणजे टपाल. पोस्टकार्ड इ. स. १८७९ पासून व मनीऑर्डर इ. स. १८८० पासून सुरू झाली होती. ठरल्या दिवशी कार्ड आले नाही, म्हणजे गावाकडील ओटीवर चिंतेचे सावट पसरे. आणि कार्ड आले तरी ते लिहिल्याला चार दिवस उलटून गेले आहेत, हे कोणाच्या मनातून जात नसे.

शहरातील व्यवहाराची घडी विस्कटली. हमाल, गाडीवान, भंगी, धोबी यांच्यावाचून शहर चालत नाही, हे ती माणसे निघून गेल्यावर उमगले. गिरण्यांतून मजूर मिळेनासे झाले, तेव्हा महिनाअखेरपर्यंत पगार अडकवून ठेवण्याची मालकांची जुनी रीत मोडली व रोजची मजुरी रोज देण्याची पाळी आली. नाक्यानाक्यांवर मजुरांसाठी गिरण्यांमध्ये चढाओढ लागे. त्याच वर्षी देशात दुष्काळ असल्याने धान्य महागले होते. रोगाचे भय, धान्याची महागाई आणि कामाची अनिश्चिती ही तिन्ही एकाच वेळी चाळीतल्या खोलीत शिरली होती.

भिंतीवरचे लाल वर्तुळ

दि. ६ ऑक्टोबर १८९६ रोजी म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी जाहीरनामा काढला. रोग्यास वेगळे करणे व आवश्यक वाटल्यास सक्तीने इस्पितळात हलवणे यांचा अधिकार त्याने म्युनिसिपालिटीच्या हाती आला. वैद्यकाच्या दृष्टीने त्यात वावगे काही नव्हते. पण त्या काळी इस्पितळ म्हणजे बरे होण्याची जागा अशी लोकांची समजूत नव्हती. तेथे गेलेले माणूस परत येत नाही, तेथे कोणाच्या हातचे पाणी प्यावे लागेल ते सांगता येत नाही, आणि अखेरच्या घटकेला तोंडात गंगोदक घालावयास आपले कोणी जवळ नसते, एवढेच लोकांना दिसत होते. दि. २९ ऑक्टोबर रोजी सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. त्यानंतर सक्तीची कडक भाषा काहीशी सौम्य करण्यात आली.

घरांची सफाई मात्र जोरात चालू होती. गटारांत कार्बॉलिक आम्ल मिसळलेले समुद्राचे पाणी सोडले जाई. भिंतींना चुना फासला जाई. अंधाऱ्या खोल्यांत ऊन यावे म्हणून छपरांची कौले काढली जात. ज्या घरात प्लेगने मृत्यू होई त्याच्या भिंतीवर लाल वर्तुळ काढून तारीख घालीत. एकाच दारापाशी अशी चार-पाच वर्तुळे झाली की त्या वाटेने जाणारी माणसे पलीकडच्या कडेने चालू लागत. काही घरांवर 'माणसांच्या वस्तीस अयोग्य' या अर्थाची इंग्रजी आद्याक्षरे रंगवली जात. ज्यांना ती वाचता येत नसत त्यांनाही त्यांचा अर्थ कळे.

अशा वेळी तापाची बातमी दडवण्याकडे लोकांचा कल झाला. रोगी माळ्यावर किंवा आतल्या खोलीत लपवला जाई, आणि घरातील बाई कण्हणे ऐकू जाऊ नये म्हणून खटाटोप करी. त्या घराला दोन शत्रू होते, एक रोग आणि दुसरा दारावरची थाप. आणि दुसऱ्याच्या धास्तीने पहिल्याला अधिक वाव मिळत होता.

दि. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा मंजूर झाला. प्रवाशांची तपासणी, रोग्यांचे विलगीकरण, घरांची झडती यांसंबंधी सरकारला व्यापक अधिकार मिळाले. आगगाडीच्या स्थानकांवर उतारूंना रांगेत उभे करून काखा-जांघा तपासल्या जाऊ लागल्या. परपुरुषासमोर पदरही ढळू न देणाऱ्या स्त्रियांना ही तपासणी म्हणजे विटंबना वाटे. मुंबई व कराची बंदरांतून हजला जाणाऱ्या मुसलमान यात्रेकरूंचा प्रवासही त्या वर्षी थांबवण्यात आला.

पुण्यातील फाल्गुन

पुण्यात याच कायद्याने कटु वळण घेतले. तेथील प्लेग समितीचे प्रमुख रँड यांनी दि. १३ मार्च १८९७ पासून घरोघर झडतीसाठी गोरे सोजीर पाठवले. होळी अवघ्या काही दिवसांवर आली होती. सोजीर स्वयंपाकघरात व देवघरात शिरत. संशयित रोग्यांना व त्यांच्या घरच्यांना छावण्यांत नेत. सामान रस्त्यावर काढून जाळले जाई. ज्या कुटुंबांनी पिढ्यान् पिढ्या सोवळ्याची मर्यादा जपली होती, त्यांना हा रोगापेक्षाही मोठा घाला वाटला. त्या क्षोभाचे पर्यवसान दि. २२ जून रोजी चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळी झाडण्यात झाले. तो इतिहास सर्वांस ठाऊक आहे.

त्याच पुण्याने दुसरेही एक चित्र पाहिले. सावित्रीबाई फुले यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी शहराबाहेर, हडपसरच्या बाजूस, प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई तेथे पोहोचल्या. या सेवेतच त्यांना रोगाने गाठले व दि. १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. लोकमान्य टिळक हेही शहर सोडून गेले नाहीत. हिंदू रोग्यांसाठी स्वतंत्र प्लेग इस्पितळ उघडण्यात त्यांनी पुढाकार घेतला. रोग्याला हलवणे आवश्यक आहे, हे या मंडळींनी नाकारले नाही. त्याला कोठे व कोणाच्या हाती सोपवावयाचे, एवढाच प्रश्न त्यांनी आपल्या परीने सोडवला.

जातीजातींची इस्पितळे

मुंबईतही मार्च १८९७ पासून काम जनरल गॅटॅकर यांच्या अध्यक्षतेखालील प्लेग समितीकडे आले. झडत्या तेथेही झाल्या व तक्रारीही झाल्या. परंतु निरनिराळ्या समाजांच्या पुढाऱ्यांना विश्वासात घेऊन त्या त्या समाजाची स्वतंत्र इस्पितळे उघडण्यास तेथे उत्तेजन मिळाले. इमारत साधीच, कित्येकदा बांबू-चटयांची. परंतु अन्न आपल्या रीतीचे, शुश्रूषा करणारे ओळखीचे आणि नातलगांना भेटीची मुभा. वर्षापूर्वी इस्पितळाच्या नावाने थरकाप उडणारी माणसे आपल्या रोग्याला आपण होऊन तेथे आणू लागली. औषध बदलले नव्हते, कारण खात्रीचे औषध तेव्हा नव्हतेच. बदलला होता तो रोग्याच्या उशाशी बसलेला माणूस. आज जातिवार इस्पितळांची कल्पना कोणास रुचणार नाही, आणि ते योग्यच आहे. तथापि परक्याच्या धाकाने जे साधले नाही ते आपल्या माणसांच्या शब्दाने साधले, हे सत्य त्यामुळे उणे ठरत नाही.

लसीच्या बाबतीतही तेच घडले. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा प्रयोगशाळेत लस तयार केली आणि दि. १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची परीक्षा झाली. पुढील वर्षी बडोद्याजवळील उंढेरा गावी व हुबळीसारख्या शहरात तिचा गुण दिसून आला. इ. स. १८९९ मध्ये परळ येथे त्यांची प्रयोगशाळा स्थिरावली, इ. स. १९२५ पासून तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव आहे.

उंदीर, पिसू आणि माळावरचे झोपडे

या सर्व धामधुमीत रोग पसरतो कसा, हे कोणालाच ठाऊक नव्हते. मेलेल्या उंदरावरील पिसवा माणसाला चावतात व रोग देतात, हे पॉल-लुई सिमाँ यांनी इ. स. १८९८ मध्ये कराचीत दाखवले. ते सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे लागली. गटारांतील कार्बॉलिक व जाळलेले सामान यांनी जेवढा त्रास झाला तेवढा उपयोग झाला नाही, तो यामुळे. कडक उन्हाळा पिसवांना मानवत नाही. म्हणून साथ उन्हाळ्याच्या अखेरीस ओसरे व थंडीबरोबर पुन्हा परते. असे कित्येक हिवाळे आले. पुढील तीन-चार दशकांत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे या रोगाने गेली.

खेड्यांतील लोकांनी मात्र अनुभवाने एक उपाय शोधला होता. उंदीर पडू लागले की गाव मोकळे करावयाचे व माळावर झोपडी घालून राहावयाचे. शास्त्रीय कारण माहीत नसताही हा उपाय योग्य होता, कारण त्याने माणूस उंदरांपासून व पिसवांपासून दूर जाई. शिवाय तेथे अख्खे घर एकत्र राही. चूल मांडली जाई, मुले शेतात खेळत, म्हातारी माणसे उन्हाला बसत. हेही विलगीकरणच होते. पण त्यात कोणी कोणापासून तोडला जात नव्हता.

पुनरावृत्ती

सव्वाशे वर्षांनी, मार्च १९२० नव्हे तर मार्च २०२० मध्ये, कोविडच्या वेळी हाच १८९७ चा कायदा पुन्हा वापरात आला. देवळांचे दरवाजे भाविकांसाठी बंद झाले, नित्यपूजा मोजक्या माणसांत होऊ लागली, दूरदेशीच्या महाजनांना आपल्या माणसांचे अंत्यदर्शनही घेता आले नाही. पोस्टकार्डाची जागा दूरध्वनीने घेतली होती, तरी आज फोन का आला नाही ही चिंता तीच होती. दारावर लागलेल्या सूचनेमुळे शेजारी तोंड फिरवू लागले, तेव्हा लाल वर्तुळच जणू परत आले.

साथीत माणसांना काही काळ दूर राहावे लागते, हे टळत नाही. १८९६-९७ चा हिवाळा एवढेच शिकवतो की, दूर ठेवलेल्या माणसाला टाकून दिल्यासारखे वाटू देता कामा नये. ज्या घरी रोगी आहे तेथे पाण्याची घागर व शिधा दारापर्यंत पोहोचवणारा कोणी असला, रोग्याची खबर घरच्यांना नेमाने कळत राहिली, आणि एकाकी गेलेल्या जिवाचे क्रियाकर्म करावयास समाज पुढे आला, तर ताप लपवण्याची पाळी कोणावर येत नाही. हे काम कायद्याला एकट्याने जमत नाही. ते शेजाराचे, गावाचे आणि देवस्थानाभोवती पिढ्यान् पिढ्या जोडल्या गेलेल्या कुटुंबांचे आहे. प्लेगच्या हिवाळ्यात आपल्या घरी काय घडले हे सांगणारी पिढी आता उरलेली नाही. कोविडचे दिवस पाहिलेली माणसे मात्र घराघरात आहेत. त्यांच्या आठवणी, मग त्या धैर्याच्या असोत वा चुकांच्या, वेळीच लिहून ठेवल्या गेल्या, तर पुढच्या हिवाळ्यात कोणाच्या तरी त्या उपयोगी पडतील.