नुमाइश : जत्रेतून उभी राहिलेली विद्यालये



शाळेचे स्नेहसंमेलन जवळ आले की चित्रकला व हस्तकलेच्या प्रदर्शनाची तयारी सुरू होते, आणि त्याबरोबर एक प्रश्नही हमखास येतो : "सर, परीक्षा तोंडावर आली असताना मुलांना हे रंग आणि कागद कशाला?" गेल्या वर्षी एका पालकांनी मला हाच प्रश्न विचारला आणि भरतकामाचा रुमाल अर्धवट टाकायला लावून ते मुलीला घरी घेऊन गेले. त्या वेळी मला समर्पक उत्तर देता आले नाही. मी इतिहास शिकवतो. म्हणून उत्तर इतिहासात शोधले. ते हैदराबाद शहरात सापडले.

सन 1591 मध्ये सुलतान मुहम्मद कुली कुतुबशाह यांनी वसविलेले हे शहर आरंभापासूनच सणासुदीचे. हा सुलतान स्वतः दखनी भाषेचा कवी होता. ईद आणि शब-ए-बरात यांच्याबरोबरच वसंत आणि मृगाचा पाऊस यांवरही त्याने कविता रचल्या. ऋतू पालटला की शहराने एकत्र यावे, ही येथली जुनी रीत होय. त्याच शहरात पुढे हिवाळ्यातला एक नवा मेळा सुरू झाला, तो म्हणजे 'नुमाइश'.

त्याचा आरंभ मोठा बोधप्रद आहे. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षण उर्दू माध्यमातून दिले जात असे. तेथून बाहेर पडलेल्या पदवीधरांच्या मनात आले, की आपल्या संस्थानातील उद्योगधंद्यांची आर्थिक पाहणी करावी. इच्छा होती, पैसा नव्हता. तेव्हा त्यांनी असे ठरविले, की कारागिरांच्या मालाचे प्रदर्शन भरवावे आणि त्याच्या उत्पन्नातून पाहणी करावी. 1938 साली बाग-ए-आम येथे हे प्रदर्शन भरले. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी त्याचे उद्घाटन केले. हाती भांडवल अवघे अडीच रुपये होते, असे सांगितले जाते. नाव होते 'नुमाइश मसनुआत-ए-मुल्की', म्हणजे आपल्या मुलखात तयार झालेल्या वस्तूंचे प्रदर्शन.

वाचकहो, हा 'मुलूख' आपल्याला परका नाही. मराठवाड्याचे पाच मराठी जिल्हे त्या काळी हैदराबाद संस्थानातच होते. 1956 साली ते मुंबई राज्यात आले. औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा, सूत व रेशीम एकत्र विणलेला हिमरू आणि पैठणची पैठणी ही याच मुलखाची कारागिरी. शेजारच्या बीदरचे कारागीर जस्त व तांब्याच्या मिश्रधातूची भांडी घडवितात, त्यांवर नक्षी कोरून तीत चांदीची तार ठोकून बसवितात आणि जुन्या किल्ल्यातील मातीच्या साहाय्याने भांडे काळे करतात. मग काळ्या जमिनीवर चांदी उठून दिसते. विणकराचा माग असो की बिदरीची छिन्नी, त्यामागे गणित असते, रसायन असते आणि पिढ्यान्पिढ्यांची तालीम असते. हे हात आणि हे डोके वेगळे काढता येत नाहीत, हे त्या पदवीधरांनी ओळखले होते.

पुढे 1946 साली प्रदर्शन नामपल्लीच्या आजच्या मैदानावर आले. 1947 व 1948 या धामधुमीच्या वर्षांत ते भरलेच नाही. संस्थान भारतात विलीन झाल्यावर 1949 मध्ये गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते ते पुन्हा सुरू झाले आणि त्यास 'अखिल भारतीय औद्योगिक प्रदर्शन' असे नाव मिळाले. लोकांच्या तोंडी मात्र नुमाइश हेच नाव राहिले. 30 जानेवारी 2019 रोजी मैदानात भीषण आग लागून अनेक व्यापाऱ्यांची दुकाने जळाली. तरी थोड्याच दिवसांत प्रदर्शन पुन्हा उघडले. 2021 साली महामारीमुळे ते भरू शकले नाही. आज साधारणपणे 1 जानेवारीपासून सुमारे दीड महिना हा मेळा चालतो. काश्मीरच्या शालीपासून लखनौच्या चिकनकामापर्यंत सारे तेथे मिळते.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. तिकिटांतून आणि दुकानांच्या भाड्यातून जमलेला पैसा कोठे गेला? प्रदर्शन चालविणाऱ्या एक्झिबिशन सोसायटीने त्यातून शाळा, महाविद्यालये व तंत्रशिक्षणाच्या संस्था काढल्या. त्यांतील बऱ्याच मुलींसाठी आहेत. सरोजिनी नायडू वनिता महाविद्यालय आणि कमला नेहरू पॉलिटेक्निक या दोन संस्था तर त्याच मैदानाच्या परिसरात आहेत. एक दिवस केवळ स्त्रियांसाठी राखून ठेवण्याची नुमाइशची जुनी प्रथा आहे. ज्या आवारात आया-बहिणी बांगड्या घ्यायला येत, त्याच आवारात त्यांच्या लेकी पुस्तके घेऊन येऊ लागल्या. याहून मोठी कमाई कोणत्या बाजाराने केली असेल?

आपण नेहमी म्हणतो, समाजाजवळ पैसा नाही, सरकार लक्ष देत नाही. या तक्रारीत तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. परंतु उस्मानियाच्या त्या तरुणांनी तक्रारीपाशी न थांबता मांडव घातला, लोकांना बोलाविले आणि आलेला पैसा स्वतःच्या खिशात न घालता इल्मच्या कामी लावला. मेळे पुष्कळ भरतात. हिशेब चोख ठेवणारे आणि उत्पन्न मुलांच्या शिक्षणाला देणारे विरळा.

त्या पालकांना माझे उत्तर एवढेच आहे : साहेब, आपल्या मुलीचा तो रुमाल शाळेच्या कपाटात जपून ठेवला आहे. तो पुरा करण्यास तिला यंदा पाठवा. अभ्यास बुडणार नाही, ही जबाबदारी माझी. प्रदर्शनाच्या दिवशी आपणही या, दोन रुपयांचे का होईना, काही विकत घ्या. त्या पैशातून एखाद्या गरजू मुलाची वही येईल. हैदराबादचा आरंभ तरी कुठे मोठ्या रकमेने झाला होता?