चुनखडीचा डोंगर आणि बांजची रोपं

मसुरीला आलेला पर्यटक बर्फाची शिखरं बघून परततो. डेहराडूनच्या पोस्टिंगमध्ये मी रविवारी मसुरीच्या खाली, दून खोऱ्याकडे उतरणाऱ्या सोंडांवरून चालायचो. सोबत एक पेन्शनर गढवाली हवालदार असायचे. वाटेत हिरव्या उतारावर अचानक पांढरा ओरखडा दिसायचा. ती जुनी चुनखडीची खाण.

इथली चुनखडी उत्तम प्रतीची. 1962 च्या सुमारास 20 वर्षांचे पट्टे दिले गेले आणि सुरुंग वाजू लागले. झाडं गेली, मलबा ओढ्यांत उतरला, खालच्या गावांचे झरे आटले. 1983 मध्ये डेहराडूनच्या एका संस्थेने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. न्यायालयाने तेच पत्र याचिका म्हणून दाखल करून घेतलं. मार्च 1985 मध्ये न्या. भगवती यांच्या खंडपीठाने बऱ्याच खाणी बंद करण्याचा आदेश दिला. पर्यावरणाच्या प्रश्नावर देशात गाजलेल्या सुरुवातीच्या खटल्यांपैकी हा एक.

त्याआधीच, डिसेंबर 1982 मध्ये, गढवाल रायफल्सशी संलग्न 127 इन्फंट्री बटालियन (टेरिटोरियल आर्मी) उभी राहिली होती. ही देशातली पहिली पर्यावरण बटालियन. जवान बहुतेक माजी सैनिक, त्याच डोंगरातले. खर्च पर्यावरण खात्याचा, शिस्त फौजेची. आमचे हवालदारजी 15 वर्षांची नोकरी संपवून तिच्यात भरती झाले होते.

मी विचारलं, "पहिलं झाड कुठलं लावलंत?"

ते हसले. "साब, पहिली दोन वर्षं झाड कुठे? दगडच लावले."

आधी घळींत दगडी बांध घालून मलबा अडवायचा, मग गवत, मग निर्गुडीसारखी चिवट झुडपं. थोडी माती धरली की झाडं. बांज, म्हणजे इथला ओक, हा या उंचीवरचा मूळ रहिवासी. त्याच्या पानांचा चारा होतो, पालापाचोळ्याखाली ओल टिकते. पण उघड्या दगडावर तो रुजत नाही; त्याला सावली लागते, माती लागते आणि वाढायला माणसाचं अर्धं आयुष्य लागतं. चीड भराभर वाढतो, पण त्याच्या सुया उन्हाळ्यात पेटतात. म्हणून गावकऱ्यांचा जीव बांजवर.

एका वळणावर ते थांबले. खाली झुडपांत बुजलेला खाणीचा जुना रस्ता होता. "माझे वडील इथे दगड फोडायचे," ते म्हणाले. 1985 मध्ये खाण बंद झाली, वडिलांची मजुरीही. बेकार मजुरांना वनीकरणाच्या कामात प्राधान्य द्यावं, असं त्याच आदेशात म्हटलं होतं. वडिलांपर्यंत ते काम पोचलं नाही. बटालियनमध्ये जागा होती ती माजी सैनिकांना. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी ते डेहराडूनला बांधकामावर विटा वाहायला गेले.

"बाबा म्हणायचे, डोंगर फोडला मी आणि तो भरायचा पगार मिळाला तुला."

मला उत्तर सुचलं नाही. खाणी बंद करणं योग्यच होतं. झऱ्याचं पाणी पिणाऱ्या कुणालाही विचारा. पण त्याची किंमत आधी कुणी मोजली, हेही इतिहासात लिहिलं पाहिजे. आम्ही फौजी विजयाची तारीख लक्षात ठेवतो, रसदीची चिठ्ठी विसरतो.

उतरताना त्यांनी जुन्या बांधामागे साचलेल्या मातीत उगवलेला एक बांज दाखवला. माझ्या खांद्याइतका. तो कुणी लावलेला नव्हता. वरच्या जंगलातून एखाद्या पाखराने बी आणून टाकलं असावं. हवालदारजींनी त्याच्या बुडातलं वाळलेलं गवत उपटलं, हात झटकले आणि पुढे चालू लागले.