लाकडावरचा शिक्का कोणाचा?

मागच्या मे महिन्यात आम्ही कोकणातल्या आजोबांच्या घराचं छप्पर बदललं. नवे वासे परसातल्याच ऐनाचे, गावच्या सॉ मिलमध्ये कापलेले. सुतारकाकांनी एकेक वासा फिरवून पाहिला आणि चार सरळ बाजूला टाकले. एकाच्या कडेला गाठ होती, तो मात्र ठेवला. म्हणाले, "गाठ वर घे रे, खाली नको." मग कर्जासाठी पाहणीला आलेल्या इंजिनिअरने विचारलं, "लाकडाची ग्रेड काय?" काका गप्प. मला राग आला, आणि रात्रभर मी वाचत बसलो.

हा प्रश्न अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वी पेटला होता. आधी तिथेही गावातली मिल, गावातलंच घर. फसवणार कोणाला, रोज तोंड दाखवायचंय! मग रेल्वे आली, लाकूड हजारो मैलांवरून यायला लागलं आणि विकणारा दिसेनासा झाला. मिलवाल्यांच्या प्रत्येक संघटनेचे नियम वेगळे. अहो, एक इंच जाडी म्हणजे किती यावरही भांडण! तेव्हा वाणिज्यमंत्री असलेल्या हर्बर्ट हूवर यांनी सगळ्यांना एकत्र बसवलं. १९२४ मध्ये देशभराचं मानक ठरलं. त्यात रंधा मारलेली 'एक इंची' फळी निघाली २५/३२ इंच. हसू नका, आपला एक जीबी डेटाही असाच असतो.

पण ग्रेड म्हणजे नुसती मापं नाहीत. मॅडिसनमधली सरकारी प्रयोगशाळा १९१० पासून लाकडं मोडून मोडून पाहत होती. तुळई वाकते तेव्हा तिची खालची कड ताणली जाते, वरची दाबली जाते. गाठ ताण सोसत नाही, दाब बराच सोसते. म्हणून गाठ किती मोठी यासोबत ती कुठे आहे हेही मोजतात. शिवाय रेषा किती तिरक्या, चीर किती खोल.

म्हणजे काकांचंच शास्त्र की!

शिक्क्यामुळे दूरच्या गिऱ्हाइकाला भरवसा मिळाला, पण गावची छोटी मिल बाहेर पडली. तिला ग्रेडर परवडेना. विस्कॉन्सिनने त्यावर तोड काढली: मिलवाल्याने छोटा कोर्स करायचा, स्वतः ग्रेड द्यायची आणि घर बांधणाऱ्याला थेट विकायचं. आपल्याकडे आयएस ३६२९ आहे, त्यात सिलेक्ट, ग्रेड एक, ग्रेड दोन. असा कोर्स आमच्या तालुक्यात मला तरी दिसला नाही.

शेवटी इंजिनिअरसाठी दोन लोखंडी पाइप घालावे लागले. गाठवाला वासा पडवीवर आहे. गाठ वरच्या बाजूला.