शिरूर-दौंड परिसरातील गळीत पिके व खतांचा प्रश्न : एक ऐतिहासिक आढावा

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर व दौंड हे तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतात. घोड व भीमा नद्यांच्या खोऱ्यांतील काळ्या जमिनीत चुनखडी अधिक व सेंद्रिय कर्ब अल्प असतो. अशा जमिनीत करडई हे रब्बी ज्वारीचे जुने सोबती पीक होय. काटेरी असल्याने ती शेताच्या कडेने पेरली जाई व गुरांपासून ज्वारीचे रक्षणही होई.

या पिकांच्या वाट्याला खत किती येत असे, हा प्रश्न मात्र जुना आहे. १८८९ मध्ये भारतात आलेले रसायनशास्त्रज्ञ व्होल्कर यांनी १८९३ च्या अहवालात शेतकरी शेण जाळतो ते अज्ञानाने नव्हे, सरपणाच्या टंचाईने, असे प्रतिपादन केले. तेलबियांच्या निर्यातीबरोबर जमिनीचा कसही देशाबाहेर जातो, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. हा मुद्दा मार्मिक आहे. तेल हे मुख्यतः कार्बन, हायड्रोजन व ऑक्सिजन यांचे बनलेले असते. नत्र, स्फुरद, जस्त ही द्रव्ये पेंडीत राहतात. गावच्या घाण्यावर तेल निघून पेंड गुरांमार्फत शेतात परतली, तर जमिनीचे नुकसान थोडेच. बी बाहेर गेले की ती साखळी तुटते. शिवाय मुठा उजव्या कालव्याचे पाणी पाटसपर्यंत पोहोचल्यानंतर बागायती क्षेत्र वाढले आणि दख्खनच्या कालव्यांवरील उसाला पेंडीचे भरपूर वरखत देण्याची प्रथा पडली. कोरडवाहू शेताचा कस अशा रीतीने बागायतीकडे वळला, असे म्हणणे वावगे ठरू नये.

हॅरॉल्ड मॅन व कानिटकर यांनी शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाची पाहणी १९२१ मध्ये प्रसिद्ध केली. बहुसंख्य कुटुंबांचा शेतीवर निर्वाह होत नव्हता व कर्जाचा भार मोठा होता, हे तीतून स्पष्ट होते. अशा घराकडून खतात गुंतवणुकीची अपेक्षा करणे व्यर्थच.

सूक्ष्म अन्नद्रव्यांचा विचार भारतात बराच उशिरा सुरू झाला. १९६५-६६ च्या सुमारास पंतनगर येथे नेने यांनी भातावरील खैरा रोगाचे मूळ जस्ताच्या कमतरतेत असल्याचे दाखविले. चुनखडीयुक्त जमिनीत लोह असूनही पिकास मिळत नाही. भुईमुगाची कोवळी पाने पिवळी पडतात. फेरस सल्फेटची फवारणी तात्पुरती उपयोगी पडते, तर शेणखतातील सेंद्रिय पदार्थ लोह व जस्त पिकास घेता येईल अशा रूपात धरून ठेवतात. पुढे सुपर फॉस्फेटऐवजी डीएपीचा वापर वाढला, तसे तेलनिर्मितीस आवश्यक असे गंधक हे दुय्यम अन्नद्रव्यही नकळत कमी झाले. सुपर फॉस्फेटमध्ये ते सुमारे ११ ते १२ टक्के असते, डीएपीमध्ये नसते. ट्रॅक्टरमुळे बैलांची गरज घटल्याने शेणखत दुर्मिळ झाले असून, त्यासाठी करडईला आता ऊस व कांद्याशी स्पर्धा करावी लागते.